मैद्याच्या रेषा

पहिल्या वर्षी आम्ही सात शाळा होतो.
इब्री, बहला, आदम, सिनाव, हैमा,
तेलाच्या छावणीतली ती पत्र्याची एक,
आणि आम्ही.
या टोकापासून त्या टोकापर्यंत बसने सहा तास,
मध्ये एक पेट्रोल पंप, एक मशीद,
उंट आडवा आला तर त्याची मर्जी.

कुन्हुमोन सरांनी संघाची घटना लिहिली, अकरा कलमं.
कलम चार : सभासद शाळा किमान तीन.
तेव्हा हसले होते मी.
लग्नपत्रिकेत काडीमोड कशाला छापता, सर?
सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, असू दे.

मी विट्याची. फक्की मारल्याशिवाय
मैदान मला मैदान वाटत नाही.
इथे फक्की मिळेना, म्हणून मैदा.
पोतं खांद्यावर, डब्याला खिळ्याने पाडलेली भोकं,
आणि वाकून वाकून आखलेल्या चार पट्ट्या.
खमीस दरवर्षी तेच विचारायचा,
उस्ताझा, शर्यत आहे की रोटी?
त्याच्या शेळ्यांनी कधी विचारलं नाही.

छावणीची शाळा आधी गेली.
ठेका संपला, पत्रे उतरवले,
आणि फिरता चषक
कुणाच्या तरी सामानातून फिरत फिरत गेला
तो अजून फिरतोच आहे.
मग सिनाव मस्कतच्या मोठ्या संघात.
पत्र सभ्य होतं. "आपल्या सहवासाच्या आठवणी" वगैरे.
बहला गेली, परत आली, पुन्हा गेली.
हैमाने एका वर्षी अकरा मुलं आणली,
पुढच्या वर्षी सात,
मग नुसता ड्रायव्हर आला, सांगायला.

आणि आदम.
आदमची नाझनीन सोलकर.
बाप पाण्याचा टँकर चालवायचा, मूळ हर्णैचा.
चौदाव्या वर्षी आठशे मीटर,
दोन मिनिटं चौतीस सेकंद,
अनवाणी, कारण बूट चावत होते.
मी घड्याळ दोनदा पाहिलं.
मार्चमध्ये तिची शाळा बंद झाली.
पुढच्या हिवाळ्यात ती इब्रीकडून उतरली,
अंगात आदमचाच बनियन,
नावावर चिकटपट्टी.
दुसऱ्या वळणावर घामाने चिकटपट्टी सुटली,
आणि जी शाळा नव्हती
ती पहिली आली.

गुण कुणाला? त्यावर दीड तास भांडलो.
इब्रीला दिले. बरोबरच होतं.
वहीत मात्र तिच्या जुन्या विक्रमासमोर
"आदम" मी खोडलं नाही.

परवा तिचा निरोप आला, लेकीच्या फोटोसकट.
मॅडम, माझं रेकॉर्ड आहे का अजून?
आहे, म्हणाले.
मोडायला किती जणी उरल्यात
ते तिने विचारलं नाही, मीही बोलले नाही.

काल बैठक झाली. इब्री आणि आम्ही.
चहा, खजूर, सात खुर्च्या
खमीसने सवयीने मांडलेल्या.
ठराव : कलम चारमध्ये तीनऐवजी दोन वाचावे.
सूचक आम्ही, अनुमोदक इब्री.
विरोधात कुणी नाही. तटस्थही कुणी नाही.
कुन्हुमोन सरांना आता नीट ऐकू येत नाही,
त्यांनी हात जरा उशिरा वर केला
आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

आज पहाटे पोतं घेऊन निघाले.
दोन शाळा, दोन पट्ट्या पुरल्या असत्या.
कंबर वाकली ती वाकलीच,
मागे वळून बघते तर चार.
वारा पडलेला. डोंगर अजून जांभळा.
इब्रीची बस दिसायला तास तरी होता.
तिसऱ्या पट्टीच्या सुरुवातीला
खमीसची काळी शेळी उभी,
मान खाली.
मी शिट्टी वाजवली नाही.